तीन गोळ्यांचा पुरावा

"भाऊ, पतसंस्थेत तुमची ओळख आहे ना? दोन लाखांचं काही जमेल का?"

गेल्या महिन्यात एका ओळखीच्या माणसाने मला टपरीवर गाठून हे विचारलं. माणूस कष्टाळू, चार एकर शेती आणि जोडीला दुधाचा धंदा. मला वाटलं दवाखान्याचं काही असेल. तसं काही नव्हतं. पोरगी चौदा वर्षांची, दोन वर्षांपासून आमच्या गावातल्या पत्र्याच्या शेडमधल्या क्लबवर एअर रायफल शिकतेय. जिल्हा स्पर्धेत पहिल्या दोन सिरीज चांगल्या गेल्या, शेवटी आठ, आठ, सात असं झालं आणि निवड हुकली. बापाचं म्हणणं, छर्रे खराब होते आणि क्लबची रायफलही थकलीय. नवीन परदेशी रायफल घ्यायची आणि छर्ऱ्यांचा महागडा डबाही.

मी विचारलं, हे ठरवलं कशावरून?

म्हणाला, "भाऊ, मी डोळ्यांनी पाहिलं. एकाने त्या रायफलीतून त्या डब्यातले तीन छर्रे मारले. तिन्ही एका भोकात! आता अजून काय पुरावा पाहिजे?"

तीन छर्रे, एक भोक, दोन लाखांचं कर्ज. त्या दिवसापासून हे डोक्यात फिरतंय, म्हणून ही पोस्ट. लांब आहे. पण ज्यांच्या घरात नेमबाजी शिकणारं पोर आहे त्यांनी वेळ काढून वाचा. २०२४ साली पॅरिसला स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ आणल्यापासून अशी पोरं आमच्याकडेही वाढलीत, आणि चांगलंच आहे ते.

माझा स्वतःचा बंदुकीशी संबंध बातमीपुरता. पण माझा एक कॉलेजचा मित्र टेक्सासात असतो, तिकडचाच नागरिक झालाय. कामाने सॉफ्टवेअरवाला, रविवारी रायफलवाला. तो स्वतःची काडतुसं स्वतः भरतो. तिकडे त्याला हँडलोड म्हणतात आणि हजारो लोक हा छंद करतात. (इकडे कुणी डोक्यात आणू नका. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार विनापरवाना दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे, सरळ जेल.) रात्री व्हिडिओ कॉलवर तो मला गॅरेजमधलं टेबल दाखवतो. एकदा वापरलेली पितळी केस साच्यातून दाबून मूळ मापावर आणायची, लांबी वाढली असेल तर कापायची, बुडाला नवीन प्रायमर बसवायचा, दारू काट्यावर तोलून भरायची आणि वर गोळी दाबून बसवायची. दारूचं माप ग्रेनमध्ये. सात हजार ग्रेनचा एक पौंड होतो, म्हणजे एक ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅम. आणि हा बाबा त्याच्या दहाव्या भागापर्यंत तोलतो. सोनारही लाजेल.

एवढा खटाटोप कशाला? तर कारखान्यातलं काडतूस हे त्या मापाच्या सगळ्या रायफलींसाठी केलेलं असतं. तुमची नळी मात्र एकच असते आणि तिची आवडनिवड वेगळी. एकाच कंपनीच्या दोन रायफली, एकीला एक गोळी मानवते, दुसरीला नाही. म्हणून हे लोक दारू किती, गोळी कुठली, ती केसमध्ये किती खोल बसवायची, हे बदलून बघतात. छापील पुस्तकातल्या कमी मापापासून सुरुवात, हळूहळू वर, आणि जास्तीतजास्त दिलेल्या मापाच्या पुढे जायचं नाही. तिथे चूक झाली तर रायफल तोंडाजवळच फुटते.

आता मित्राची गंमत ऐका. सुरुवातीला त्याने पाच वेगवेगळ्या मापांची दारू भरली, प्रत्येकी तीन काडतुसं. शंभर यार्डांवर मारली. चार मापांचे ग्रुप साधारण निघाले. (ग्रुप म्हणजे कागदावर पडलेल्या भोकांचा घोळका, सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात.) पाचव्या मापाच्या तिन्ही गोळ्या मात्र नऊ मिलिमीटरात! साहेबांनी फोटो काढला, मित्रांना पाठवला, मलाही पाठवला. मी काही न कळता अंगठा दाखवला. मग त्याने त्याच मापाची शंभर काडतुसं भरली, दोन रात्री जागून. पुढच्या रविवारी ग्रुप आला पस्तीस मिलिमीटर.

तो हैराण. दारू तीच, गोळी तीच, रायफल तीच, हवा शांत. बदललं काय?

काहीच नाही. पहिल्या रविवारी नशीब होतं, एवढंच.

मला हे पटायला वेळ लागला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कुठलीही रायफल व्हाईसमध्ये घट्ट आवळली तरी प्रत्येक गोळी त्याच भोकातून जात नाही. थोडी इकडे, थोडी तिकडे. हा पसारा त्या रायफलीचा आणि त्या काडतुसाचा स्वभाव असतो. तीन गोळ्या मारल्या की त्या पसाऱ्यातले तीनच ठिपके दिसतात, आणि ते तीन जवळजवळ पडायला फार काही लागत नाही. गणित असं आहे की एखाद्या काडतुसाचा तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरी २४ मिलिमीटर येत असेल, तर त्याच काडतुसाचा पाच गोळ्यांचा साधारण ३१ येतो आणि दहा गोळ्यांचा ३८. माल तोच, फक्त ठिपके जास्त. आणि २४ ही झाली सरासरी. तीन-तीन गोळ्या मारत राहिलात तर कधी १२ येईल, कधी ४०. आता पाच मापं तीन-तीन गोळ्यांनी तपासली की त्यातलं एखादं १२ च्या आसपास येण्याची चांगलीच शक्यता असते. आपण त्यालाच 'सापडलं!' म्हणतो. खरं तर लॉटरीचा निकाल बघून त्या तिकिटाच्या कागदाची क्वालिटी वाखाणण्यासारखं आहे हे.

मित्र इंजिनिअर असल्यामुळे चिडला आणि मग पद्धतशीर लागला. एक वही केली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दारूचं माप बदललं तर गोळी, प्रायमर, खोली सगळं तसंच ठेवायचं, नाहीतर फरक कशाने पडला ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. प्रत्येक प्रकाराच्या तीन नाही, तीस गोळ्या. आणि त्यासुद्धा आधी एकाच्या तीस आणि मग दुसऱ्याच्या तीस अशा मारायच्या नाहीत, कारण तोपर्यंत नळी तापते, वारा फिरतो, माणूस दमतो, आणि दोष दुसऱ्याच्या माथी बसतो. म्हणून एक याची, एक त्याची, पाळीपाळीने. गोळीचा वेग क्रोनोग्राफवर. तारीख, तापमान, वारा, सगळं वहीत.

पण मला सगळ्यात आवडलेला नियम वेगळाच. नऊ गोळ्या जवळ पडल्या आणि दहावी बाहेर गेली की आपलं मन लगेच म्हणतं, "ती सोड, हात हलला." मग ग्रुप मोजताना ती वगळायची. मित्राचा नियम असा की हात हलला असेल तर कागदाकडे बघायच्या आधी मोठ्याने सांगायचं. बघितल्यानंतर हात हलल्याचं आठवलं तर ते धरायचं नाही. बाहेर गेलेली गोळी ही सुद्धा मोजायचीच गोळी.

एवढं करून हाती काय लागलं? ज्या दारूच्या मापावरून त्याने दोन रात्री जाळल्या होत्या, त्या चार मापांमध्ये सांगण्यासारखा फरकच निघाला नाही. फरक पडला गोळीचा प्रकार बदलल्यावर. म्हणजे तो इतके दिवस चुकीचा खिळा ठोकत होता.

हे काही आजचं शहाणपण नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये फ्रँकलिन मान नावाचा एक डॉक्टर होऊन गेला. गोळ्या एकाच जागी का पडत नाहीत, या एका प्रश्नापायी त्याने आयुष्याची कित्येक वर्षं घालवली आणि १९०९ मध्ये त्यावर जाडजूड पुस्तक छापलं. माणसाचा हात हिशोबातून काढायचा म्हणून त्याने जमिनीत काँक्रीटचा भक्कम खांब गाडला आणि त्यावर नळी ठेवून मारायला सुरुवात केली. त्या खांबाला तो जिब्राल्टर म्हणायचा. मग मुद्दाम गोळ्या बिघडवल्या. काहींचं टोक, काहींचं बूड. सगळ्यांना वाटणार, टोक बिघडलं की गोळी भरकटणार. निघालं उलटं. टोक खराब असलेली गोळी बऱ्यापैकी जागेवर जात होती, बुडाला थोडी इजा झालेली मात्र कुठच्या कुठे. नुसत्या अंदाजावर राहिला असता तर आयुष्यभर टोकंच घासत बसला असता.

आता आपल्याकडे या. आपल्या नेमबाजांना हँडलोडचा प्रश्नच येत नाही. कुसाळे ज्या प्रकारात खेळतो त्यात पॉइंट बावीसची काडतुसं असतात, त्यांचा प्रायमरचा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो, ती काही परत भरत नाहीत. तिथे मग निवड करायची ती लॉटची. त्याच कंपनीचं, त्याच नावाचं काडतूस, पण एक लॉट एका नळीला जमतो, दुसरा नाही. म्हणून जगातले मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन कंपनीच्या टेस्ट रेंजवर जातात, रायफल आवळून लॉटमागून लॉट मारून बघतात आणि जमलेला लॉट उचलतात. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे तिथे हा फरक खरोखर पदक देतो किंवा घेतो. लॉट म्हणजे काय हे आमच्या जळगाव जिल्ह्यात समजावून सांगायला नको. वरणगावची फॅक्टरी आहेच. तिथे ड्युटी केलेला माणूस घरात किंवा शेजारी असतोच.

छर्ऱ्यांचंही असंच. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचे. त्याने फरक पडतो का? पडू शकतो. कुठल्या रायफलीला कुठला, हे मारल्याशिवाय कळत नाही. म्हणजे त्या बापाची शंका वेडगळ नव्हती. पुरावा तेवढा तोकडा होता.

मी त्याला म्हटलं, पतसंस्थेचं बघू, पण आधी एक रविवार द्या. आयटीआयमधला एक फिटर ओळखीचा होता, त्याने जुना बेंच व्हाईस जाड लोखंडी टेबलावर बसवला, जबड्यांना आतून चामडं लावलं म्हणजे रायफलीला चट्टा पडायला नको. क्लबची तीच 'थकलेली' रायफल त्यात आवळली. तीन डबे घेतले. क्लबचा नेहमीचा, तो महागडा, आणि एक सरावाचा स्वस्तातला. प्रशिक्षकांच्या मुलाने छर्रे तीन सारख्या डब्यांत काढले आणि वर अ, ब, क लिहिलं. कुठला कुठे हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत नाही. त्याला आम्ही बाहेर चहा प्यायला पाठवलं, कारण त्याच्या तोंडावरून कळलं असतं. प्रत्येकाचे तीस छर्रे, दहा-दहाचे तीन कागद, मारताना एक अ, एक ब, एक क. नव्वद छर्रे. अडीच तास लागले. बाप पहिल्या तासात तीनदा म्हणाला, "ब चांगला दिसतोय, बस झालं ना आता." पोरगी आकडे लिहीत होती.

संध्याकाळी मोजलं. दहा छर्ऱ्यांच्या ग्रुपची सरासरी अ ची १.९ मिलिमीटर, ब ची १.७, क ची ३.६. मग पोराने उघड केलं. अ म्हणजे क्लबचा नेहमीचा, ब महागडा, क स्वस्तातला.

म्हणजे स्वस्तातल्या डब्यात खरंच खोट होती, ती लगेच दिसली. पण ज्या दोन डब्यांवरून सगळं रामायण झालं त्यांच्यात ०.२ मिलिमीटर. तीन-तीन कागदांवर एवढा फरक असाही येतो आणि तसाही. आणि थकलेली म्हणून जिला हिणवलं ती रायफल दहा छर्रे दोन मिलिमीटरच्या आत टाकत होती. एअर रायफलीत छर्रा मध्यापासून अडीच मिलिमीटरपर्यंत सरकला तरी दहाच मिळतात. म्हणजे ती रायफल आपल्या हाताने एकही नऊ मारत नव्हती.

मग प्रशिक्षकांनी पोरीचे जिल्हा स्पर्धेआधीचे सरावाचे कागद काढले. दहा छर्ऱ्यांचा पसारा चौदा-पंधरा मिलिमीटर. छर्ऱ्याचा दोष दोन, हाताचा पंधरा. कुणी काही बोललं नाही. बापाने टोपी काढून डोकं खाजवलं.

पोरगी मला म्हणाली, "म्हणजे चूक माझीच होती ना काका?"

खरं सांगतो, याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. मी पैसे वाचवल्याच्या आनंदात होतो. इतके दिवस छर्ऱ्यावर असलेला दोष आपण या पोरीच्या अंगावर टाकलाय हे मला तेव्हा कळलं. प्रशिक्षक बरे निघाले. ते म्हणाले, "छर्रा तुला सुधारता आला नसता बेटा. हात येतो." आणि शेवटच्या सिरीजचेच कागद का फाकतात ते बघायला बसले. उभं राहण्याचा वेळ, पाय, श्वास. आता तिचीही वही सुरू झालीय. एका वेळी एकच बदल. हात लगेच सुधारला का? नाही. पंधराचा तेरा झालाय असं तिला वाटतं, पण प्रशिक्षक म्हणतात, अजून वीस कागद होऊ दे मग बोलू.

काही जण म्हणतील, भाऊ, एवढं टेस्टिंग कुणाला परवडतं? बरोबर आहे, आणि याची दुसरी बाजूही आहे. मित्राच्या ओळखीत असे लोक आहेत जे वर्षभर फक्त टेस्टच करतात. प्रत्येक गोळीने नळी झिजते, पैसा जातो, आणि शेवटी ज्या फरकाच्या मागे लागलेत तो त्यांच्या हाताच्या हलण्यापेक्षा कितीतरी लहान असतो. असल्या फरकासाठी तीस काय, तीनशे गोळ्या मारल्या तरी कमीच. तिथे थांबून सराव करावा. पण मग निदान 'फरक कळला नाही' असं म्हणावं. 'ब चांगला' म्हणू नये.

शेतकऱ्यांना हे नवीन नाही खरं तर. घरचं सोयाबीन बियाणं म्हणून ठेवलं असेल तर पेरणीआधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ठेवतो की नाही? सत्तर उगवले तर बियाणं चांगलं. तीन दाणे ठेवून तिन्ही उगवले म्हणून कुणी चार एकर पेरत नाही. मी त्या बापाला हे म्हटल्यावर तो पहिल्यांदा हसला. "तीन दाण्यांवर मी दोन लाख काढायला निघालो होतो."

आणि माझं काय? वीस वर्षं बातमीदारी करतोय. चौकात तीन माणसांना विचारून 'नागरिकांत तीव्र संताप' मी किती वेळा लिहिलंय, याची वही नाही म्हणून बरं. एका नळाची एक बाटली तपासली की गावाचं पाणी शुद्ध, हे छापणाराही मीच. जो चौथा माणूस म्हणाला की मला काही अडचण नाही, त्याला मी 'हात हलला' म्हणून वगळलंय. कागद बघितल्यानंतर.

माझी मागणी मोठी नाही. जिल्ह्यात जे क्लब आहेत तिथे एकेक व्हाईस बसवा. छर्रे खरेदी होतात तेव्हा डब्यावरचा लॉट नंबर रजिस्टरला लिहा. बऱ्याच ठिकाणी आज तो कुणी लिहीत नाही, अर्धा डबा एक आणि अर्धा दुसरा अशी सरमिसळ करून पोरांच्या हातात देतात, आणि मग कागद फाकला की पोरालाच बोलतात. निवड स्पर्धेआधी क्लबच्या रायफलीचे तीस छर्रे आवळून मारा आणि तो कागद भिंतीवर लावा. पालकांना दिसू दे की रायफल किती आणि पोर किती. खर्च म्हणाल तर आमचा व्हाईस भंगारातून सोळाशेत पडला.

त्या माणसाने कर्ज काढलं नाही. रायफल पुढे कधीतरी लागेलच, पोरीची उंची वाढतेय, तेव्हा बघू म्हणाला.

येत्या रविवारी सकाळी आठला क्लबवर व्हाईस मोकळा आहे. ज्यांना आपल्या डब्याबद्दल शंका आहे त्यांनी डबा घेऊन या. प्रत्येक डब्याचे किमान तीस छर्रे उडवायची तयारी ठेवा, आणि डब्याचं नाव आधी कुणाला सांगू नका. मलासुद्धा.